दावीदानं न प्यालेलं पाणी

वेंझाफ, गिन्बोत ९, १९४८

दादा,

धाकट्याचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? खेचर कसं आहे? तुमच्या चर्चच्या शाळेतले विद्यार्थी अजून मेंढीचं कातडं पांघरून दारोदार इंजेराची भाकरी मागतात, की गोंदरच्या लोकांनी त्यांच्यावर कुत्री सोडायला सुरुवात केली? आम्ही बरे आहोत. तिरिंगो तर फारच बरी आहे. काल तिनं मला घराबाहेर काढलं आणि आतून कडी लावली.

बायको नवऱ्याला बाहेर का काढते ते तुम्हाला ठाऊक आहे. नऊ वर्षांत तुम्ही इकडं आला नाहीत. तुमच्यामागं एवढं शिकवणं, त्याचं मला वाईट वाटत नाही. पण आला असता तर दिसलं असतं. नदीपलीकडं आस्नाकेचबाईंची भट्टी आहे. त्यांच्या अराकी दारूचं नाव अख्ख्या गोज्जाममध्ये आहे. मी दिवसाला दोनच पेले घेतो. पण गेल्या आठवड्यात आमच्या पुजारीबाबांचा झगा शिवताना हात असा थरथरला की बाही गळ्याला जोडली गेली. गाव हसलं. मीही हसलो. घरी येऊन सुईत दोरा ओवायला बसलो, तो दुपार झाली. शेवटी तिरिंगोनं माझ्या हातातून सुई घेतली, दोरा ओवला आणि एक शब्द न बोलता परत दिली. ती शिव्या देते तेव्हा मला काही होत नाही. त्या दिवशी रडू आलं.

तर मला एक ताईत पाठवा. चामड्याच्या पट्टीवर लिहिलेला, गळ्यात बांधायचा, चांगला जबरी मंत्राचा. बाकी देव बघून घेईल.

तुमचा,
मेर्शा


गोंदर, गिन्बोत २६

मेर्शा,

तुला आणि तिरिंगोला आशीर्वाद. गुडघा तसाच आहे. खेचर विकलं.

ताईत मी लिहीत नाही. जे लिहितात त्यांच्यातले दोघं तुझ्यापेक्षा जास्त पितात. माझ्याकडं शास्त्र आहे, ते पाठवतो. बाबा ही गोष्ट सांगायचे तेव्हा तू झोपून जायचास, म्हणून मुळापासून लिहितो.

दावीद राजा डोंगरातल्या गुहेत लपला होता. त्याचं गाव, बेथलेहेम, शत्रूच्या ताब्यात होतं. सुगीचे दिवस, ऊन. दावीदाला गावच्या वेशीजवळची विहीर आठवली. तो कुणाला उद्देशून बोलला नाही, सहज तोंडून गेलं, की त्या विहिरीचं पाणी कुणी आणून दिलं तर! त्याच्या तीन वीरांनी ते ऐकलं. काही न सांगता ते निघाले, शत्रूची फळी फोडून आत शिरले आणि पाणी घेऊन आले. दावीदानं ते हातात घेतलं, पण प्याला नाही. जमिनीवर ओतलं. देवाला वाहिलं.

आमच्या परंपरेत याचे अकरा अर्थ सांगतात. सगळे तुझ्या कामाचे नाहीत. एक गुरू म्हणतात, विहीर म्हणजे मनातली ती जागा, जिथून आपण सगळ्या इच्छा उपसतो. शत्रूचा वेढा म्हणजे पाच इंद्रियं. तीन वीर म्हणजे उपास, प्रार्थना आणि अश्रू. ते तिघंच वेढा फोडून आत जाऊ शकतात. दुसरे म्हणतात, त्याच गावात पुढं तारणारा जन्मणार होता, तेव्हा दावीदाची तहान मुळात पाण्याची नव्हतीच. माणसाची प्रत्येक तहान त्या एकाचीच असते, फक्त तहानेला ते ठाऊक नसतं. आणि माझे गुरू, डोळ्यांनी अधू, शेवटचा अर्थ फार हळू आवाजात सांगायचे. जे हातातच नाही ते सोडणं सोपं. ओठापर्यंत आलेलं ओतून देणं, हा विजय. त्या क्षणी दावीद खरा राजा झाला. तोवर तो नुसता माणसांवर राज्य करत होता.

तीस वर्षं हे शिकवतोय. इथं आलं की अजूनही मी पुस्तक मिटून ठेवतो.

आता व्यवहाराचं. सेने महिना संपता संपता पाऊस लागतो, नदी भरते, होडी बंद होते. आस्नाकेचबाई पलीकडं, तू अलीकडं, तीन-चार महिने. देवानं तुझ्यासाठी भिंत बांधून ठेवली आहे. हमलेच्या पहिल्या तारखेपासून थेंब घेऊ नकोस. एकदम सोड. थोडी थोडी सोडणारे कधीच सोडत नाहीत.

लिसानेवर्क


वेंझाफ, सेने १५

दादा,

पत्र दोनदा वाचलं, त्यातलं एकदा शुद्धीत. मग तिरिंगोला वाचून दाखवलं. दावीदानं पाणी ओतलं, इथं आल्यावर ती म्हणाली, "शहाणाच आहे." कौतुकानं म्हणाली की कसं, ते कळलं नाही.

माझ्याकडं विहीर आहे, वेढा आहे, वीर तेवढे कमी पडतात. उपास गाव करतं म्हणून करतो. प्रार्थना तिरिंगो करते, माझ्या वाटचीही. अश्रू मात्र हल्ली पुष्कळ आहेत.

पण तुमची भिंत पटली. अलीकडं फक्त बायका घरी गाळतात ती तल्ला मिळते, आणि पुजारीबाबांनी घरोघर जाऊन मला ती द्यायची नाही असं बजावलंय. बाहीचा राग, दुसरं काय. होडीवाल्यालाही सांगितलं, शेवटच्या फेरीला मी नसेन. तो म्हणाला, "मेर्शा, तू नसलास तर होडी कलंडेल रे, सवय झालीय तिला."

हमलेच्या पहिलीपासून. लिहून दिलं. दादा, थोडी भीती वाटते. कशाची ते सांगता येत नाही.

मेर्शा


गोंदर, हमले ४

मेर्शा,

तुझं पत्र मी नाव न सांगता विद्यार्थ्यांना वाचून दाखवलं. वीर कमी पडतात, हे वाक्य त्यांना फार आवडलं.

आज चौथा दिवस. दोन पेल्यांच्या माणसाला फार तर दोन दिवस डोकं दुखतं. तेवढं सोस. दावीदाचा हात आठव.

इकडं मोठ्या चर्चची माणसं येऊन गेली. मला तिथं मुख्य शिक्षक म्हणून नेऊ पाहतात. मला इच्छा नाही, पण त्यांची इच्छा मोडवत नाही. त्या गडबडीत यंदाही तुमच्याकडं येणं होईलसं दिसत नाही.

लिसानेवर्क


वेंझाफ, हमले १९

येनेता,

सगळे तुम्हाला येनेता म्हणतात, गुरुजी म्हणून, तेव्हा मीही म्हणते. नात्यानं भाऊजी आहात, पण भाऊजी घरी येतात. हे मी सांगतेय आणि आमच्या चर्चचे पुजारीबाबा लिहून घेतायत. मी म्हणेन तसंच लिहायचं, गोड करायचं नाही, असं कबूल करून घेतलंय.

दोन पेले नव्हते. बाटली, आणि वर अर्धी. रोज. आठ वर्षं.

पहिल्या तारखेला त्यानं सोडली. तुमचं पत्र शिवणाच्या मशीनच्या खणात ठेवलं होतं, ते सारखं काढून बघायचा. दुसऱ्या दिवशी घाम. तिसऱ्या दिवशी उलट्या. चौथ्या दिवशी तो तोंडातून दोरा ओढायला लागला. दोरा नव्हता, येनेता. तो ओढत होता, बोटाला गुंडाळत होता आणि मला म्हणत होता, "टोक धर गं, गुंता होतोय." दिवसभर मी टोक धरून बसले.

पाचव्या दिवशी सकाळी पाऊस थांबला होता. तो भिंतीकडं तोंड करून म्हणाला, "आस्नाकेचच्या दारातला एक घोट कुणी आणून दिला असता तर." मला नाही म्हणाला. कुणालाच नाही. शेजारचा म्हातारा सैन्यात होता, त्यानं बघून डोकं हलवलं. एकदम सोडलेली अशी माणसं त्यानं छावणीत मरताना पाहिलीत. म्हणाला, "पोटात थोडी गेली तर जगेल, नाहीतर संध्याकाळ नाही बघायचा."

मी होडीवाल्याकडं गेले. तो म्हणाला, "बाई, नदी गुरं नेतेय, होडी कसली मागतेस!" मग मी बकऱ्याचं कातडं फुगवलं, तोंड बांधलं, छातीशी धरलं आणि उंबराजवळून पाण्यात शिरले. मला पोहता येत नाही.

कशी गेले ते विचारू नका. पाण्याचा आवाज एवढा होता की मी ओरडत होते की नाही तेसुद्धा मला ठाऊक नाही. निघाले ती दोन शेतं खाली. आस्नाकेचबाईंनी दार उघडलं आणि किंचाळल्या, त्यांना वाटलं बुडून मेलेली कुणी आलीय. बाटली दिली, कोरडी शाल दिली, हात धरून बसवायला लागल्या. मी म्हटलं, बसले तर उठायची नाही. बाटली गळ्यात बांधली आणि वरच्या अंगाला जाऊन परत शिरले. येताना एक ओंडका कपाळाला लागला.

घरी आले तेव्हा तो मशीनचा पाय धरून जमिनीवर बसला होता. दोरा गेला होता, माणूस ओळखत होता. मी बूच दातांनी काढलं. वासानं त्याचं डोकं वळलं.

"कुठून आणलीस?"

"पलीकडून."

"होडी सुरू झाली?"

"नाही."

"मग?"

"मग काय, उडत गेले! पी आधी."

त्यानं बाटली दोन्ही हातांनी घेतली. ओठापर्यंत नेली. काचेवर दात वाजत होते. माझ्या कपाळाचं रक्त त्याच्या मनगटावर पडलं, ते त्यानं बघितलं. मग गुडघ्यांवर रांगत अंगणात गेला आणि ओतायला लागला. मी ओरडले, हात धरला. तो म्हणाला, "तिरिंगो, हे मला पिता येणार नाही. ह्यात तू आहेस."

शेवटच्या थेंबापर्यंत ओतली.

मी त्याला मारलं, येनेता. लिहा हो बाबा, मारलं असं लिहा. रिकाम्या बाटलीनं, पाठीत. मी नदी दोनदा ओलांडली आणि हा ओततोय! तुमच्या त्या तीन वीरांनी काय केलं? पुजारीबाबा म्हणतात, ते लिहिलेलं नाही. तीस वर्षं तुम्ही ती गोष्ट शिकवताय. ज्यांनी पाणी आणलं त्यांना ते मातीत जाताना बघून काय वाटलं, असं एकालाही विचारावंसं वाटलं नाही?

मग त्याला झटके आले. ते दोन दिवस मी सांगत नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं डोळे उघडले आणि म्हणाला, "शिरो आहे का गं?" मी चण्याचं पीठ कालवून चुलीवर शिरोचं भांडं ठेवलं आणि तिथं मला रडू फुटलं.

जिवंत आहे. हात अजून थरथरतात.

एक राहिलं. ओतताना तो जमिनीकडं बघत नव्हता, बाटलीकडंही नाही. माझ्याकडं बघत होता. सणाला चर्चमधून पवित्र ताबोत, देवाच्या आज्ञांची पाटी, कापडात झाकून, पुजाऱ्यांच्या डोक्यावरून बाहेर आणतात, तेव्हा गाव जसं बघतं ना, तसं. मी चिखलानं माखलेली, कपाळ फुटलेलं, तोंडात शिव्या. माझ्याकडं आजवर असं कुणी बघितलं नव्हतं. मी मारलं ते रागानं की भीतीनं, मलाच सांगता येत नाही. आता तो माझ्या हातचं साधं पाणीसुद्धा दोन्ही हातांनी घेतो. असं रोज कोण जगेल? तुम्ही शिकलेले आहात, सांगा काहीतरी.

तिरिंगो


गोंदर, नहासे ७

तिरिंगो,

तुझं पत्र आलं तेव्हा वर्ग चालू होता. मी उभ्यानं वाचलं, आणि वाचून झाल्यावर मला बसता येईना. विद्यार्थ्यांना म्हटलं, घरी जा. त्यांना इथं घर नाही, ते अंगणात तसेच उभे राहिले.

माझ्या सल्ल्यानं माझा भाऊ मरत होता, आणि मी इथून लिहीत होतो की डोकं दुखेल. याची क्षमा देवाकडं मागितली. पण ती त्याच्याकडं नाही, तुझ्याकडं आहे.

तू विचारलंस ते अकरा अर्थांत कुठंच नाही. मी दोन जुन्या गुरूंना विचारायला चालत गेलो. एक म्हणाले, वीरांना काय वाटलं हा प्रश्नच होत नाही. दुसरे नव्वदीचे आहेत. त्यांनी मला जवळ बसवून घेतलं. मग म्हणाले, "ते घाबरले असतील. आपण आणलेलं पाणी आपल्या डोळ्यांदेखत आपल्याहून मोठं झालं, तर कुणीही घाबरेल." मी तुझ्या पत्राचा शेवट त्यांना वाचून दाखवला. त्यांनी डोक्याचा फेटा काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाले, पुन्हा वाच.

मी आजवर शिकवलं की दावीद जिंकला. आता वाटतं, तो हरला होता. त्याची तहान तेवढीच होती, तसूभर कमी झाली नव्हती. पण त्याच्यासमोर त्या पाण्याच्या रूपानं असं काही येऊन उभं राहिलं, की ते पिऊन टाकायला त्याचं तोंड पुरेना. म्हणून त्यानं ते ज्याचं त्याला दिलं. इच्छेला मारून हे होत नाही. मी मात्र तीस वर्षं पोरांच्या हातात इच्छेला झोडपायला काठ्या देत आलो.

तू कसं जगावंस ते मला सांगता येत नाही. तो दोन्ही हातांनी घेतो तर घेऊ दे. मीही तसंच घेतलं असतं.

मेर्शा, आता तुझ्याशी. नऊ वर्षं मी आलो नाही ते कामामुळं नाही. मला इथलं गुरुपद मिळालं त्या दिवशी तू पिऊन आलास आणि चर्चच्या पायरीवर बसून मोठ्यानं गात राहिलास. कुणीतरी मला विचारलं, हा कोण? मी म्हणालो, ओळखत नाही. तुला आठवत नसेल. मला रोज आठवतं.

मोठ्या चर्चला नाही म्हणून कळवलं. ती इच्छा त्यांची नव्हती, माझी होती.

रस्ते वाळले की येतो.

लिसानेवर्क


वेंझाफ, हिदार २

दादा,

तुम्ही सुखरूप पोचल्याचं कळलं. तुमच्या त्या चार दिवसांबद्दल गाव अजून बोलतंय. पाहुण्याचे पाय घरच्यांनी धुवायचे, तर इथं तुम्हीच तिरिंगोचे पाय धुवायला बसलात! ती "येनेता, उठा, शेजारीण बघतेय" म्हणून ओरडत होती. पाय मात्र तिनं काढून घेतले नाहीत.

समोर बोलता आलं नाही ते लिहितो. पायरीवरचं मला आठवत होतं. तुम्ही ओळखत नाही म्हणालात, ते मी ऐकलं होतं. त्यानंतर मी आणखी मोठ्यानं गायलो, तुम्हाला वाटावं की मला ऐकू गेलं नाही. झालं. आता दोघांनाही ठाऊक आहे.

आता नदीचं. पाणी उतरलं, परवा होडी सुरू झाली. तुमची भिंत गेली. सकाळी मी धुतलेली शाल अंगावर घेतली आणि म्हणालो, "पलीकडं जाऊन येतो." तिरिंगो मसूर निवडत होती. तिचे हात थांबले. "जा," म्हणाली. कशाला, किती वेळ, काही नाही. मला स्वतःलाही ठाऊक नव्हतं मी कशाला निघालोय. आस्नाकेचबाईंना भेटून त्या दिवसाबद्दल दोन शब्द बोलावेत, असं मनाला सांगत होतो.

होडीपर्यंत गेलोच नाही. उंबरापाशी थांबलो, जिथून ती शिरली होती. तिथं आता गुडघाभर पाणी आहे, आणि खालचे सगळे खडक उघडे पडलेत. जन्म इथं गेला, पण त्या अंगाला कुणी उतरत नाही, म्हणून मी ते कधी बघितले नव्हते. उंबरापासून थेट दोन शेतं खालपर्यंत, सुळ्यांसारखे उभे. दोन खडकांच्या मध्ये एका बैलाचा सांगाडा अडकलाय, शिंगांसकट. दादा, ती ह्यांच्यावरून गेली. जाताना आणि येताना. फुगवलेल्या कातड्यावर. एकाचं टोक लागलं असतं तरी पुरे होतं. मी तिथं उभा राहिलो आणि माझे दात वाजायला लागले, त्या दिवशी बाटलीवर वाजले तसे.

घरी पळत आलो. तिचा हात धरला आणि ओढत घेऊन गेलो. मसूर सांडली, तिनं वाटभर शिव्या दिल्या. उंबरापाशी आलो आणि मी नुसतं बोट दाखवलं.

तिनं खूप वेळ बघितलं. मग तिनं उंबराचं खोड धरलं. भर पुरात थांबली नव्हती ती तिथं कोरड्यात खाली बसली.

"हे आधी दिसलं असतं तर मी गेले नसते," ती म्हणाली.

मी तिच्या शेजारी बसलो.

थोड्या वेळानं म्हणाली, "गेले असते."

आम्ही तिथंच बसून राहिलो. पलीकडं भट्टीचा धूर दिसत होता, वारा आमच्या अंगावर होता, आणि मला तहान लागली होती. तुमच्याशी खोटं कशाला बोलू, अशी लागली होती की जीभ टाळ्याला चिकटली. मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "माहीत आहे." ऊन उतरेपर्यंत दोघंही उठलो नाही.

मेर्शा